अंगठ्याला न कळलेली आच

आर्लिस नायगार्डने अठ्ठावीस वर्षं ॲल्डर बेंचच्या शाळेत पोरांना जेवायला घातलं, आणि त्याहून जास्त वर्षं गावातल्या बंदुकांच्या रिकाम्या पुंगळ्यांना ताव दिला. निवृत्त होताना पहिल्या कामाबद्दल शाळेने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. दुसऱ्या कामाबद्दल कुणी काही दिलं नाही, आणि देईल असं तिला वाटलंही नव्हतं. फार तर कुणी जाताना दारात डझनभर अंडी ठेवून जायचं, नाहीतर कागदात गुंडाळलेला गोठवलेल्या मांसाचा तुकडा.

मोंटानातल्या आमच्या त्या पठारावर तीनशे-साडेतीनशे माणसांची वस्ती. बहुतेक घरांच्या तळघरात एक जड टेबल असतं आणि टेबलाला पक्कं बसवलेलं दांड्याचं यंत्र असतं. एकदा झाडलेली पितळी पुंगळी कुणी फेकून देत नाही. तिचं तोंड पुन्हा आवळायचं, बुडात ठिणगीची नवी टोपी बसवायची, दारू भरायची, नवी गोळी बसवायची, की काडतूस तयार. पण चार-सहा वेळा असं केलं की पुंगळीची मान कडक होत जाते आणि एक दिवस उभी चिरते. ती चिरू नये म्हणून मानेला आच देऊन पितळ परत नरम करतात. फक्त मानेला. बूड कडकच राहायला हवं, कारण चाप ओढल्यावर मागे येणारा सगळा जोर ते बूड पेलतं, आणि त्याच्या मागे वीतभर अंतरावर माणसाचा डोळा असतो.

हे काम आर्लिसकडे आलं ते नवऱ्यामुळे. ऑर्विन हा काउंटीच्या रस्त्यांवर सपाटीकरणाचा ग्रेडर चालवायचा. माणूस भला, पण प्रत्येक गोष्टीची घाई. त्याने ताव दिलेल्या पुंगळ्यांपैकी निम्म्या कच्च्या राहायच्या नि निम्म्या जळायच्या. लग्नानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात एकदा त्याने वैतागून गॅसची ज्योत काढणारा टॉर्च तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "तूच कर. तुझ्या हातांना चुलीची सवय आहे, मी नुसता जाळत सुटलोय." तिने केलं. तेव्हापासून तो त्या कामाला शिवला नाही, आणि हळूहळू शेजाऱ्यांचे डबेही त्याच टेबलावर येऊ लागले.

तिची रीत साधी होती. गॅसचा लहान टॉर्च टेबलावरच्या शेगड्याच्या पकडीत आवळून ठेवायचा, ज्योत बारीक. जुन्या हातमोज्याची कापलेली दोन चामडी बोटं अंगठ्यावर आणि तर्जनीवर चढवायची. पुंगळी बुडाशी धरून ज्योतीच्या टोकाशी तिची मान फिरवत राहायची. पितळाचा रंग आधी गवतासारखा होतो, मग निळसर, आणि तो पट्टा मानेवरून खाली सरकू लागतो. त्याच वेळी ऊब बुडाकडे सरकत येते. चामड्यातून ती बोटाला जाणवली की त्याच क्षणी पुंगळी बादलीतल्या पाण्यात. किती सेकंद धरायची असं पुरुष विचारायचे. ती म्हणायची, मी घड्याळ लावून कधी बघितलं नाही, बोट सांगतं. ऑर्विन गेल्यावर तिने त्याची स्वतःची बंदूक पुतण्याला देऊन टाकली, पण टेबल ठेवलं.

साखरेचा आजार तिला चौदा वर्षांपासून होता. आधी पायांची बोटं बधिर झाली. ते तिने थंडीवर ढकललं. आमच्याकडे थंडीवर काहीही ढकलता येतं. मग ब्लाउजची बटणं लावायला वेळ लागू लागला. दुकानात सुटे पैसे देताना नाणी निसटायची. ती हसून म्हणायची, म्हातारी झाले. एकोणसत्तर वय होतं, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

त्या सप्टेंबरात एमिल टस कॉफीचा एक डबा घेऊन आला. एमिल गावाबाहेर पाच मैलांवर राहायचा, गुरं राखायचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. त्याचा आजा क्रोएशियाहून दगडकामाला आला होता आणि त्याने घेतलेली खटक्याची बंदूक एमिल अजून वापरत होता. त्या मापाची काडतुसं आता कुणी बनवत नाही. एमिलजवळ बेचाळीस पुंगळ्या उरल्या होत्या, काही त्याच्या मुलापेक्षा जुन्या. गुडघ्याने दगा दिलाय, बहुतेक हे शेवटचंच वर्ष डोंगरावर जायचं, असं तो बोलता बोलता म्हणाला. आर्लिसने डबा घेतला आणि रविवारनंतर ये म्हणून सांगितलं.

एका दुपारी बसून तिने बेचाळीसही पुंगळ्या केल्या. रेडिओवर गव्हाचे भाव चालू होते. मध्येच काहीतरी करपल्याचा वास आला. तिने बघितलं तर अंगठ्याच्या चामडी बोटाला काळं भोक पडलेलं. जुनं झालंय म्हणून तिने ते फेकलं आणि हातमोज्याचं दुसरं बोट कापून चढवलं. दोन पुंगळ्यांच्या मानेला आधीचीच बारीक चीर होती, ती ताव दिल्यावर दिसली. त्या तिने मोडीच्या डब्यात टाकल्या आणि चाळीस परत दिल्या. एमिलने त्या भरल्या. ऑक्टोबरच्या शेवटी शिकारीचा मोसम उघडला, आणि दुसऱ्या आठवड्यात तो तंबू आणि घोडा घेऊन डोंगरावर गेला.

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी चर्चच्या स्वयंपाकघरात बायका बाजारासाठी लेफ्से करायला जमल्या. लेफ्से म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या. नॉर्वेहून आलेल्या आज्यांनी आणलेली गोष्ट, आणि आमच्याकडे ती नीट जमणं ही बाईची परीक्षा असते. आर्लिस तव्यावर होती. तिच्या शेजारी बोर्गहिल्ड स्कार लाटत होती. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, दोघींना एकमेकींच्या हातचं कधी पसंत पडायचं नाही. आर्लिस पोळीची कड सारखी करून खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बर्फ पडेलसं वाटत होतं.

बोर्गहिल्ड म्हणाली, "आर्लिस, तुझा हात तव्यावर आहे."

आर्लिसने खाली बघितलं. डाव्या हाताची दोन बोटं खरोखरच तव्याला टेकलेली होती. तिने ती उचलली. कातडी पांढरी पडली होती. दुखत नव्हतं. बोर्गहिल्डने तिचं मनगट धरून हात नळाखाली नेला, आणि मग दुसराही हात ओढून बघितला. पीठ धुऊन निघाल्यावर उजव्या अंगठ्यावर एक खूण दिसली. अर्धवट भरलेली, कापलेल्या नखाच्या कोरीसारखी वाकडी.

"हे कधीचं?"

"माहीत नाही," आर्लिस म्हणाली.

पण नळ चालू असतानाच तिला माहीत झालं होतं. तो वाकडेपणा तिच्या ओळखीचा होता. पुंगळीच्या बुडाला जी कड असते, तीच ती. चामडं जाळून ती कड आत अंगठ्यावर उमटली होती आणि अंगठा गप्प बसला होता. आणि ज्या उबेला बोट टेकवून ठेवता येतं, त्या उबेने चामडं काळं पडत नाही.

बोर्गहिल्ड डॉक्टरकडे जाऊ म्हणत होती. आर्लिसने एप्रन काढला, तवा तिच्या हवाली केला आणि घरी गेली. मोडीचा डबा तिने टेबलावर उपडा केला. एमिलच्या त्या दोन चिरलेल्या पुंगळ्या सापडल्या. तिने पक्कड घेतली आणि पहिलीचं बूड, कडेच्या थोडं वर, दाबलं. पितळ दबलं आणि सोडल्यावर परत आलं. चांगलं होतं. दुसरी दाबली. ती चपटी झाली आणि चपटीच राहिली.

ती खुर्चीवर बसली. दोनातली एक. चाळिसात किती, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

एमिलच्या डोंगरावरच्या तळावर फोन लागत नाही. त्याचा मुलगा सिएटलला. शेरीफच्या कचेरीत तिने फोन केला, तर तिथल्या माणसाने निरोप लिहून घेतला आणि कुणी त्या बाजूला गेलं तर सांगतो म्हणाला. तिने त्याचे आभार मानले, दोन्ही पुंगळ्या आणि पक्कड कोटाच्या खिशात टाकली, आणि ऑर्विनचा जुना पिकअप बाहेर काढला. अकरा वाजून गेले होते.

जंगलातला रस्ता बावीस मैलांचा, शेवटचे सहा मैल दगडधोंड्यांचे. वरच्या भागात बर्फ टायरच्या अर्ध्यापर्यंत होतं. तिला पायाखाली ब्रेक आहे की ॲक्सिलरेटर आहे हे नीट कळत नव्हतं, म्हणून प्रत्येक वळणाआधी ती मान वाकवून पाय कुठे आहे ते बघायची. हे ती वर्षभर करत होती. गावातल्या सरळ रस्त्यावर त्याचं काही वाटलं नव्हतं.

एक वाजता ती तंबूपाशी पोचली. एमिलचा ट्रक होता, घोडा बांधलेला होता, शेगडी गार होती. तंबूमागच्या झाडाला एका एल्कच्या, त्या मोठ्या हरणाच्या, दोन मांड्या कापडात गुंडाळून टांगल्या होत्या. म्हणजे त्याने एकदा तरी बंदूक झाडली होती. माणूस कुठे दिसत नव्हता. बर्फात त्याच्या बुटांच्या खुणा डोंगराच्या धारेकडे चढत गेल्या होत्या. एक पाय सरळ, एक जरा ओढलेला. आर्लिसने शंभरेक पावलं त्या खुणांवरून चालून बघितलं. मग थांबली. तिच्या पायांनी ती वर पोचली नसती, आणि मध्येच पडली असती तर एमिलला तिलाच उचलून आणावं लागलं असतं. ती परत आली आणि ट्रकच्या फळीवर बसली.

दोनच्या सुमाराला वरून गोळीचा आवाज आला. एकच.

डोंगरात आवाज कुठून आला ते सांगता येत नाही. आपल्या नवऱ्याची बंदूक ती झोपेत ओळखायची, पण एमिलची तिने कधी ऐकली नव्हती. ती उठून उभी राहिली. दुसरी गोळी वाजली नाही, हाक आली नाही. तिने पिकअपचा भोंगा तीनदा वाजवला, थोडा वेळ थांबली, परत तीनदा वाजवला. नंतर तिने शेगडी पेटवली, कारण दुसरं काही करण्याजोगं नव्हतं. एमिलचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर येत राहिला. तो डाव्या डोळ्याने नेम धरायचा हेही आठवलं. चुलीसमोर उभं राहून तिने किती पोरांची भाजलेली बोटं धुतली होती. आपल्या हातून कुणाला भाजल्याचं तिला एकही आठवत नव्हतं.

साडेतीनला तो झाडीतून बाहेर आला, काठी टेकत, चेहरा लालबुंद आणि शाबूत.

"भोंगा तू वाजवत होतीस होय? मला वाटलं कुणी शहरी माणूस बायकोला शोधतोय," तो म्हणाला. "सगळी जनावरं पार पलीकडच्या काउंटीत पळवलीस."

"तू झाडलीस का आत्ता?"

"मी नाही. खिंडीपलीकडे कोणीतरी होतं. का?"

आर्लिसने सांगितलं. तव्यापासून सुरुवात केली आणि काही गाळलं नाही. तो ऐकत राहिला. मग बंदूक झाडाला टेकवून म्हणाला, शनिवारी त्याने त्यातलीच एक झाडली, एल्क जागच्या जागी बसलं, पुंगळी सुरेख निघाली. ती उगाच मनाला लावून घेतेय. ती म्हणाली, एक चांगली निघाली म्हणून दुसरी निघेल असं नाही. तो म्हणाला, उद्या-परवा अजून दोन दिवस आहेत, गुडघा पुढच्या वर्षी वर येऊ देणार नाही, आणि या बंदुकीला दुसरी काडतुसं कुठून आणायची ते तिने सांगावं.

"तोंड माझं आहे, आर्लिस. उडालं तर माझं उडेल."

"तोंड तुझं आहे," ती म्हणाली. "हात माझा होता."

तिने खिशातून दोन्ही पुंगळ्या काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या, वर पक्कड दिली. चपटी झालेली त्याने बघितली. चांगली होती ती त्याने स्वतः दाबली, दोनदा. नंतर चपटीवर परत एकदा पक्कड लावली, आणि ती लोण्यासारखी आणखी दबली. बराच वेळ तो ते पितळ बोटांत फिरवत राहिला. मग त्याने बंदुकीतली काडतुसं काढली, पट्ट्यातली काढली, तंबूत जाऊन उरलेली खोक्यासकट आणली आणि सगळी तिच्या हातात दिली.

"अंगठा दाखव," तो म्हणाला.

तिने दाखवला. त्याने चष्मा वर करून बघितला आणि परत खाली केला. "घोड्याच्या खुराला असं झालं की मी त्याला कामाला जुंपत नाही," एवढंच बोलला. त्या दिवशी त्यानेच तळ आवरला. येताना त्याचा ट्रक पुढे होता आणि दर वळणावर तो तिच्यासाठी थांबत होता.

एमिलचं सोपं होतं. ईस्टरपासून आणखी सात जणांच्या पुंगळ्या तिच्या हातून गेल्या होत्या. रविवारी प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी आर्लिस उभी राहिली. ती कधी चार माणसांत बोलली नव्हती. शाळेतसुद्धा पोरांवर ओरडायचं असेल तर मदतनीस ओरडायची. ईस्टरनंतर माझ्याकडून ज्यांनी पुंगळ्या नेल्या त्यांनी त्या झाडू नयेत, परत आणाव्यात, माझ्या बोटांतली जाणीव गेली आहे आणि मला ते कळायला हवं होतं, असं तिने सांगितलं आणि खाली बसली. कपबश्यांचा आवाज परत सुरू झाला. बोर्गहिल्डने न विचारता तिच्या कपात कॉफी ओतली.

पाच जणांनी त्याच आठवड्यात डबे आणून दिले. एकाने सगळ्या झाडून टाकल्या होत्या, आणि काही झालं नाही असं तो जरा अभिमानाने म्हणाला. सातवा रोलँड हेगन. त्याने परत द्यायला साफ नकार दिला, वर गावभर सांगत सुटला की आर्लिसचं आता डोकंही गेलं. ती दोनदा त्याच्या दारात गेली. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने मागच्या दाराने पिशवी आणून दिली आणि नवऱ्याला सांगू नको म्हणाली. जमलेल्या सगळ्या पुंगळ्या, चांगल्या आणि वाईट न निवडता, आर्लिसने ऑर्विनच्या ऐरणीवर हातोडीने चपट्या केल्या. चार दिवस लागले. डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी असल्यामुळे पुंगळी नीट धरता येत नव्हती.

काउंटीच्या दवाखान्यात नर्सने तिला डोळे मिटायला सांगून बारीक दोऱ्याने बोटांना दहा ठिकाणी स्पर्श केला. आर्लिसने तीन सांगितले. जाणीव परत येत नाही, उरलेली सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाला. तिने मान हलवली. गाडी चालवायची नाही असंही तो म्हणाला, आणि तिने किल्ल्या मुलीला पाठवून दिल्या. मुलगी बिलिंग्जला असते. तिने फोनवर विचारलं, "आई, आता तरी ते टेबल विकायचं ना?" आर्लिस म्हणाली, बघू.

टेबल विकलं नाही. जानेवारीत एमिल एका गुरुवारी आला, हातात दुसऱ्या जातीच्या, जरा लांब आणि जाड वीस पुंगळ्या. या कापून, आवळून आपल्या बंदुकीच्या मापाच्या करता येतील असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. पण त्यासाठी मान आधी चांगली नरम हवी, नाहीतर दुमडते. आर्लिस म्हणाली, मी करत नाही आता. तो म्हणाला, बोटं लागतच नाहीत. पत्र्याच्या परातीत पाणी घालायचं, पुंगळ्या अर्ध्या बुडवून उभ्या करायच्या, वरून ज्योत फिरवायची. पाण्यातलं बूड तापूच शकत नाही. आर्लिसला ही रीत माहीत होती. ज्यांना स्वतःच्या हाताचा भरवसा नाही त्यांची ती रीत, असं ती आयुष्यभर म्हणत आली होती. आता तिने केकची परात काढली आणि पाणी भरलं.

दिवा घालवून अंधार केला की रंग नीट दिसतो. ती ज्योत धरायची, एमिल परातीकडे बघत बसायचा आणि फार बोलायचा. आता निळी झाली, आता झाली, बस, बस की. तिला चांगलं दिसत होतं, पण ती त्याला बोलू द्यायची. विसातल्या आठ दुमडल्या. बारा झाल्या. प्रत्येकीचं बूड त्याने पकडीने हलकेच दाबून बघितलं, तिच्यासमोर, तिने सांगितलं म्हणून.

उन्हाळ्यात एमिलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याचं डोंगरावर जाणं कायमचं सुटलं. सप्टेंबरात एका दुपारी तो तिला घेऊन गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेला. साठ पावलांवर एक फळी उभी केली. आर्लिस ट्रकमध्ये काच खाली करून बसली. वारा होता, पहिल्या दोन गोळ्या फळीला लागल्याच नाहीत. बाराही काडतुसं त्याने झाडली, प्रत्येक वेळी खटका मागे ओढून पुंगळी टोपीत झेलली, आणि शेवटी टोपी आणून खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवली.

तिने एकेक उचलून उजेडात फिरवली. बुडाशी काळं नव्हतं, फुगवटा नव्हता, मानेला चीर नव्हती. गरम असणार. तिला ते कळलं नाही.

"परत ताव द्यायला लागेल?" एमिलने विचारलं.

"एवढ्यात नाही. चार-पाच वेळा झाडून झाल्या की आण."

"तोवर मी असेन की नाही कुणास ठाऊक."

"मग पोराला सांगून ठेव, डबा कुठं आहे ते."

तो हसला, बंदूक मागे ठेवली आणि ट्रक सुरू केला. वाटेत ते कॅफेत थांबले. नारळाची गोड पाय-पेस्ट्री संपली होती, म्हणून दोघांनी सफरचंदाची घेतली.